उलट्या लाटेवरचे उलटे आक्षेप

गाडीतला आवाज कमी करण्यासाठी गाडीतच आणखी एक आवाज सोडायचा, हे ऐकले की आपल्याकडे चार प्रकारची माणसे नाक मुरडतात. गॅरेजवाला म्हणतो, आवाज दाबलात तर बिघाड कळणार कसा? जुन्या पिढीचा इंजिनिअर म्हणतो, मूळ यंत्र नीट जमले नाही म्हणून ही कुबडी. गाड्यांचा शौकीन म्हणतो, सगळा स्पीकरचा खेळ, खरे काहीच नाही. आणि सजग नागरिक म्हणतो, काचेआड बसणाऱ्यांना शांतता आणि रस्त्यावरच्या आम्हाला हॉर्न, हा कसला शोध?

यातले पहिले तीन आक्षेप चुकीचे आहेत. चौथ्यात दम आहे, पण तो भलत्याच पत्त्यावर गेला आहे. म्हणून वाहनांतल्या सक्रिय ध्वनी आणि कंपन नियंत्रणाची बाजू मांडताना मला दोन कामे करायची आहेत. तंत्राला खोट्या आरोपांतून सोडवायचे, आणि मग खरा आरोप ज्यांच्यावर ठेवायला हवा त्यांच्यावर ठेवायचा.

आधी यंत्र काय करते ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. एका लाटेचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच जागी, एकाच क्षणी आले की तिथला दाब जवळजवळ हलतच नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्यूग याला या कल्पनेवर १९३६ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. नळीतून येणारा आवाज मायक्रोफोनने आधी टिपायचा आणि तो पुढच्या लाउडस्पीकरपाशी पोहोचेपर्यंत त्याची उलटी लाट तयार ठेवायची, अशी ती योजना. कागदावर सगळे होते, पण हाताशी होते व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आवाजाचा पाठलाग करणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. १९५३ मध्ये आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी मायक्रोफोन-स्पीकरची जोडी वापरून डोक्याजवळच्या लहानशा जागेपुरता आवाज उतरवून दाखवला. त्यापुढची पायरी गणिताची होती. स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये अशी रीत मांडली, की यंत्र उरलेली चूक मोजते, स्वतःचे आकडे थोडे सरकवते, पुन्हा मोजते, पुन्हा सरकवते. हेच टेड हॉफ पुढे इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक झाले. गणित आणि ते चालवणारी चिप या दोन्हींवर एकाच माणसाचा हात असावा, असे योग तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार नाहीत.

१९८० च्या दशकात संकेतांवर वेगाने आकडेमोड करणाऱ्या चिप स्वस्त झाल्या. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात स्टीफन एलियट, फिलिप नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीचा पाया पक्का केला, लोटस कंपनीबरोबर तिचे मोटारींत प्रयोग झाले, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये निस्सानची ब्लूबर्ड ही यंत्रणा घेऊन रस्त्यावर आली. आज सांगाडा तोच आहे. छताच्या अस्तरात मायक्रोफोन, इंजिनाच्या फेऱ्या सांगणारा सेन्सर, रस्त्याचा आवाज मारायचा असेल तर सस्पेन्शनवर कंपन मोजणारे एक्सलरोमीटर, आणि उलटी लाट सोडायला गाणी ऐकायचे स्पीकर. वेगळा स्पीकर बहुतेक वेळा बसवावाही लागत नाही.

एक गैरसमज चौघांचाही असतो, तो आधी निकालात काढू. एका आवाजात दुसरा मिळवला तर ऊर्जा दुप्पट व्हायला हवी. ऐकू आली नाही तरी ती कुठेतरी आहेच, आणि कानाचे पडदे तिचा मार खात असणार. ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण यात असे धरून चालले आहे की आवाजाचा उगम म्हणजे समोर काहीही असो, तेवढीच धार सोडणारा नळ. तसे नसते. कंपणारा पत्रा हवेत किती ऊर्जा सोडू शकेल हे समोरची हवा त्याला किती दाब देते यावर ठरते. जवळच उलट्या दाबाचा दुसरा उगम उभा केला की पत्र्याला रेटायला काही उरत नाही. ऊर्जा बाहेर पडतच नाही, आणि पडली तर तिचा काही भाग स्पीकरचा पडदाच शोषून घेतो. कानाच्या पडद्यावर येतो तो शेवटचा, एकूण दाब. तो कमी असेल तर आवाज खरोखरच कमी आहे; कानात शिरून भांडणारे दोन आवाज तिथे नसतात.

याला एक अट आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. दोन्ही उगमांमधले अंतर लाटेच्या लांबीच्या मानाने कमी हवे. ५० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची हवेतली लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, म्हणजे छोट्या गाडीची अख्खी केबिन त्या लाटेच्या एका तुकड्यात मावते. अशा आवाजाला केबिनभर आवरता येते. १००० हर्ट्झला लाट ३४ सेंटिमीटरची होते आणि शांततेची जागा लाटेच्या साधारण एक दशांश उरते, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरही नाही. मान वळवली की शांतता गेली. म्हणून मोटारीतले सक्रिय नियंत्रण काहीशे हर्ट्झच्या खालीच चालते. पुढचा सगळा वाद समजायला ही एक मर्यादा पुरेशी आहे.

आता इंजिनिअरकडे वळू, कारण त्याचा आक्षेप सर्वांत प्रतिष्ठित आहे. आवाज उगमाशी मारावा, तिथे जमले नाही तर वाटेत अडवावा, आणि अगदीच इलाज नसला तर कानाशी आवरावा, हा आमच्या एनव्हीएच म्हणजे आवाज, कंपन आणि खडखड यांच्या धंद्यातला पहिला धडा. तो चुकीचा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे: उलट्या लाटेने आवाज मारणे म्हणजे यंत्ररचनेतला पराभव. हे म्हणणाऱ्याने एकदा स्वतःच्या गाडीखाली वाकून सायलेन्सरकडे पाहावे. त्यात कप्पे असतात, नळ्यांच्या ठरावीक लांबीचे आडफाटे असतात. लाट तिथून परत फिरते ती येणाऱ्या लाटेच्या उलट्या पावलावर, आणि दोघी एकमेकींना खातात. सायलेन्सरमधले हे काम उलट्या लाटेचेच आहे, फक्त ती लाट पत्र्याने तयार केलेली आहे. लांबी एकदा कापली की ठरली, इंजिनाच्या फेऱ्या बदलल्या तरी ती बदलत नाही.

कंपनाचेही तसेच. चार सिलिंडरच्या ओळीतल्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाने उठणारे एक कंपन शिल्लक राहते. त्यावर मित्सुबिशीने १९७५ मध्ये सायलेंट शाफ्ट नावाने बाजारात आणलेला उपाय म्हणजे दोन असंतुलित दांडे क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांविरुद्ध फिरवायचे आणि इंजिन वर उसळते तेव्हा त्याला खाली ओढायचे. टाटा नॅनोच्या दोन सिलिंडरच्या ६२४ सीसी इंजिनात असा एक बॅलन्सर शाफ्ट होता. २०२० मध्ये रॉयल एनफील्डने मीटिअरसाठी आणलेल्या नव्या ३५० सीसी इंजिनातही तो आला. तेव्हा बुलेटची ती जुनी धडधड गेली म्हणून हळहळ झाली, पण बॅलन्सर शाफ्ट ही लबाडी आहे असे म्हणताना कोणी ऐकिवात नाही. लोखंडाने उलटा धक्का दिला की ते अभियांत्रिकीचे कौशल्य, आणि विजेने दिला की कुबडी, हा भेद भौतिकशास्त्राला माहीत नाही.

आणि वाटेत अडवण्याच्या उपायाचे काय? तिथे तर हिशेबच उघड आहे. हवेतून येणाऱ्या आवाजाला अडवणाऱ्या पत्र्याचे किंवा काचेचे वजन दुप्पट केले की साधारण ६ डेसिबल मिळतात. वारंवारता अर्धी झाली की तेवढेच ६ हातचे जातात. १००० हर्ट्झपासून १२५ हर्ट्झपर्यंत उतरताना ती तीनदा अर्धी होते, म्हणजे १८ डेसिबलचा घाटा. वजनाने तो भरून काढायचा तर पत्रा आठपट जड हवा. फोम आणि नमदे पूर्ण कामाला येतात ते त्यांची जाडी लाटेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असली तर. १०० हर्ट्झसाठी हा चौथा हिस्सा भरतो ८५ सेंटिमीटर. एवढ्या जाडीचे दार बसवल्यावर माणूस कुठे बसवणार? डॅम्पिंग शीट, रबरी बीडिंग, दुहेरी काच हे सगळे मध्यम आणि वरच्या आवाजांसाठी उत्तमच आहे, आणि सक्रिय यंत्रणा असलेल्या गाडीतही ते लागतेच. पण खालच्या घुमण्यापुढे वजन हरते. त्या पट्ट्यात उलटी लाट वापरणे हाच शहाणपणा आहे.

आपल्या देशात तर या पट्ट्याला वेगळेच महत्त्व आहे. गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी, या नियमाने आपले रस्ते तीन सिलिंडरच्या गाड्यांनी भरले. त्याआधीची मारुती ८०० तीन सिलिंडरचीच होती. तीन सिलिंडरच्या चारटप्पी इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दीड स्फोट होतो. मिनिटाला २००० फेऱ्यांवर हा आकडा ५० हर्ट्झ, आणि आयडलला ७५० फेऱ्यांवर १९ हर्ट्झच्याही खाली. शिवाय इंजिन पुढून-मागून झुलत राहते ते वेगळेच. म्हणजे नेमका तो पट्टा, जिथे पत्रा आणि फोम हात टेकतात. ‘उगमाशीच मारा’ असे सांगणाऱ्याला इथे सिलिंडर वाढवावा लागेल. मग इंधन आणि किंमत दोन्ही वाढणार, त्याची जबाबदारी कोण घेणार?

याची उलट बाजू होंडाने २००३ मध्ये जपानमधल्या इन्स्पायर गाडीत दाखवली. सहा सिलिंडरचे इंजिन सावकाश चालताना तीन सिलिंडर बंद करायचे, म्हणजे इंधन वाचते. पण मग स्फोटांची गती अर्धी होते. २००० फेऱ्यांवर जिथे १०० हर्ट्झचा आवाज होता तिथे ५० हर्ट्झची थरथर येते आणि प्रवासी कुरकुरतात. होंडाने इंजिनाखाली सक्रिय माउंट बसवले आणि केबिनमध्ये उलटी लाट सोडली. माउंटची अडचणही समजून घेण्यासारखी आहे. खड्ड्यात इंजिन उडू नये म्हणून ते कडक हवे, आणि बारीक थरथर गाडीच्या सांगाड्यात उतरू नये म्हणून मऊ हवे. एकच रबर दोन्ही होऊ शकत नाही. आतून ढकलणारे विद्युत माउंट क्षणाक्षणाला हवे ते होऊ शकते. अमेरिकेत २०१० च्या शेव्हरले इक्विनॉक्सने केबिनमधल्या उलट्या लाटेची युक्ती चार सिलिंडरला लावली, आणि इंजिन कमी फेऱ्यांवर ओढत ठेवणे सुसह्य झाले. जिला कुबडी म्हणतात तिच्या आधाराने या इंजिनांना कमी पेट्रोल पिता आले.

विमानातले उदाहरण तर आपल्याकडच्या अनेकांनी न कळता अनुभवले आहे. स्पाइसजेटने वापरलेले पंख्यांचे क्यू ४०० विमान घ्या. त्याचा प्रत्येक पंखा सहा पात्यांचा, आणि उंचीवर एका वेगाने उडताना तो मिनिटाला ८५० फेऱ्या घेतो, म्हणजे पात्यांचे धक्के सेकंदाला ८५. ते विमानाच्या कवचावर आपटतात. तिथे स्पीकरऐवजी कवचाच्या कड्यांवरच कंपक बसवलेले असतात, केबिनमधले मायक्रोफोन ऐकतात, आणि कवच थरथरण्याआधीच त्याला उलटा धक्का मिळतो. याला उगमाशी मारणे म्हणायचे की वाटेत अडवणे, हे पाठ्यपुस्तकवाल्यांनी ठरवावे.

इंजिनाचा आवाज आधी कळतो, कारण तो फेऱ्यांना बांधलेला असतो. रस्त्याचा आवाज बेभरवशाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून जाताना टायरचा जो अखंड घरघराट येतो, त्याला पकडायचे तर चाकाचा धक्का कानापर्यंत ध्वनी होऊन पोहोचण्याच्या आत हिशेब पुरा व्हायला हवा. ध्वनी एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. ह्युंदाईने २०१९ मध्ये जाहीर केलेली आणि पुढच्या वर्षी जेनेसिस जीव्ही ८० मध्ये दिलेली यंत्रणा हे काम २ मिलिसेकंदांत करते, आणि केबिनमधला आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरवते असे कंपनी सांगते. ‘फक्त तीन?’ असे ओठ वाकडे करून विचारणाऱ्यांना एवढेच सांगणे, की ३ डेसिबल म्हणजे ध्वनीची निम्मी ऊर्जा. विजेच्या गाडीत इंजिनाचा पडदा उठल्यामुळे टायरच तेवढा ऐकू येतो आणि वजनाचा प्रत्येक किलो बॅटरीच्या पल्ल्यातून वजा होतो. तिथे जवळजवळ वजन न वाढवता निम्मी ऊर्जा कमी करणारा दुसरा मार्ग कोणी दाखवावा.

गॅरेजवाल्याचा आक्षेप मला जवळचा वाटतो, कारण कानाने गाडी ओळखणारी ती जमात आता कमी होत चालली आहे. पण त्याचा कान जे ऐकतो ते या यंत्रणेच्या हद्दीत फारसे येतच नाही. इंजिन नॉक करते ते सहा-सात हजार हर्ट्झच्या आसपास. पट्ट्याची किंचाळी, गिअरची शीळ, टॅपेटची टकटक, ब्रेकची करकर, सगळे काहीशे हर्ट्झच्या वरचे. खराब झालेल्या बेअरिंगची घरघर खालपर्यंत उतरते आणि तिचा काही भाग रस्त्याचा आवाज मारणाऱ्या यंत्रणेत दबू शकतो, हे मान्य. पण मेकॅनिक बेअरिंग तपासतो ते चाक जॅकवर उचलून, हाताने फिरवून. बॉनेट उघडून इंजिनावर कान धरणाऱ्याला तर केबिनमधल्या स्पीकरची बाधा होण्याचा प्रश्नच नाही.

मेकॅनिकचे खरे गाऱ्हाणे वेगळे असायला हवे, आणि ते तो करत नाही. ग्राहक कंपनीचा स्टिरिओ काढून बाहेरचा बसवतो, तारा कापल्या जातात, आणि गाडी अचानक घुमायला लागते. कारण उलटी लाट वेळेवर पोहोचली तरच उपकार करते. ताल ६० अंशांनी चुकला की फायदा शून्य; त्याहून जास्त चुकला की तीच यंत्रणा आवाज वाढवते. चांगल्या यंत्रणेला आपण चुकतो आहोत हे ओळखून स्वतःहून गप्प बसता यायला हवे. पण कोणत्या तारेवर काय चालले आहे हे गाडीच्या पुस्तिकेत ठळक लिहिणे आणि कंपनीबाहेरच्या गॅरेजलाही ते सांगणे, हे कंपन्यांचे काम. याबद्दल भांडावे, मी भांडणाऱ्यांच्या बाजूने उभा राहीन.

सायरनची भीतीही याच पठडीतली. शांत केबिनमध्ये रुग्णवाहिका ऐकू येणार नाही, असे सांगितले जाते. सायरनचा सूर बहुतेक करून काहीशे हर्ट्झपासून हजार-दीड हजारांपर्यंत चढउतार करतो, म्हणजे त्याचा मोठा भाग उलट्या लाटेच्या पोहोचीबाहेर. उलट, खालचा घुमणारा आवाज वरच्या सुरांना झाकतो, हे श्रवणशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. घुमणे उतरले की सायरन आणि शेजारच्याचे बोलणे दोन्ही जास्त स्पष्ट होतात. सायरन अडवते ती जाड दुहेरी काच, आणि तिच्याविरुद्ध या मंडळींची तक्रार नाही, कारण ती ‘खरी’ असते.

खऱ्या-खोट्याचा हा सोस शौकीनाकडे नेतो. बीएमडब्ल्यूने २०११ मध्ये आणलेल्या एम ५ गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवला, यावर शौकीन अजून चिडलेले आहेत. चिडण्याचा त्यांना हक्क आहे. पण ती गोष्ट वेगळी आहे. तिथे आवाज मिळवला, इथे वजा केला. दोन्ही कामे एकाच स्पीकरवर होतात म्हणून दोन्हींना एकाच माळेचे मणी म्हणणे बरोबर नाही. मिळवलेला आवाजही नेहमी मिरवण्यासाठी नसतो. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या आणि हायब्रिड गाडीने ताशी २० किलोमीटरपर्यंत बाहेर ऐकू येईल असा कृत्रिम आवाज करत जायचा आहे, कारण नाही तर अंध माणसाला ती येत असल्याचे कळणार नाही. तो आवाज पूर्ण ‘खोटा’ आहे आणि त्याने पाय वाचतात.

राहिला नागरिक. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. काचेआडची उलटी लाट रस्त्यावरचा एक डेसिबलही कमी करत नाही, करू शकत नाही. उघड्यावर, चहूकडे पसरणाऱ्या आवाजाला गाडीतून सोडलेला आवाज गाठू शकत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती हॉर्नच्या बटणावरच्या अंगठ्यापाशी मोडते. त्यावरचा उपाय मायक्रोफोनचाच असू शकतो, पण वेगळ्या प्रकारचा. मुंबई पोलिसांनी काही सिग्नलवर केलेल्या प्रयोगाची २०२० मध्ये चर्चा झाली होती: हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटगणती पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरच्या आवाजाचा इलाज कायद्यात, रस्त्याच्या पृष्ठभागावर आणि टायरमध्ये आहे. त्यासाठी केबिनमधल्या यंत्रणेला झोडपणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

नागरिकाने खरे विचारायला हवे ते हे: जिथे या तंत्राची गरज सर्वांत मोठी, तिथे ते का नाही? आरामदायी मोटारीच्या मागच्या सीटवर दोन तास बसणाऱ्याला रस्त्याच्या घरघरीतून सोडवण्यावर जगातली उत्तमोत्तम डोकी राबली. त्याच रस्त्यावर ट्रकचालक दिवसाचे दहा-बारा तास हादरतो. पुढे इंजिन असलेल्या जुन्या एसटीत चालकाच्या मांडीशेजारीच इंजिनाचे झाकण तापत आणि थरथरत असते. नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्याच्या खाली मागची चाके सस्पेन्शनशिवाय, थेट सांगाड्याला.

माणसाच्या शरीराला उभ्या दिशेने सर्वांत जाचक कंपन साधारण ४ ते ८ हर्ट्झचे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ याच संवेदनशीलतेनुसार मोजमापाला वजन देते. वर्षानुवर्षे आसनातून हादरे खाणाऱ्यांच्या कंबरेचे काय होते हे वैद्यकाला नवे नाही. युरोपने २००२ च्या निर्देशात मर्यादाच घालून दिली: आठ तासांच्या हिशेबाने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ कदापि ओलांडायचे नाही.

आणि इथेही विज्ञान तेच सांगते जे दाराच्या पत्र्याबद्दल सांगितले होते. स्प्रिंगवरचे आसन आपल्या स्वाभाविक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वर गेल्यावरच धक्का अडवू लागते. त्याखाली तो जसाच्या तसा पोहोचवते किंवा वाढवते. आसन डोलते साधारण एक-दोन हर्ट्झला, आणि ट्रॅक्टरची उसळी असते त्याच्याच आसपास. म्हणजे पुन्हा खालचा पट्टा, पुन्हा निष्क्रिय उपायाची हार. ढकलणारे, विरुद्ध दिशेने हलणारे सक्रिय आसन हे तिथले उत्तर. ते स्वप्नातले नाही. हेडफोनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोस कंपनीने विद्युत मोटारींवर चालणारे कारचे सस्पेन्शन २००४ मध्ये दाखवले. ते जड आणि महाग ठरून गाड्यांत आलेच नाही, पण त्याच ज्ञानातून २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या ट्रकचालकासाठी आसन निघाले. विकसित देशांतल्या मोठ्या ट्रॅक्टरांवरही सक्रिय आसने आली.

‘आपल्याकडे परवडणार नाही’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे. हेच उत्तर ट्रकच्या वातानुकूलित केबिनबद्दल वर्षानुवर्षे दिले जात होते. मग केंद्र सरकारने अधिसूचना काढली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उष्णता चालकाला थकवते हे सरकारला पटले. हादरे थकवतात हे पटायला काय अडचण आहे? मोजण्याची सोय नाही असेही नाही. पुण्यात वाहनांवर संशोधन करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून उभी आहे, तिच्याकडे आवाज आणि कंपनाची प्रयोगशाळा आहे. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनीला होते.

प्रत्येक बसमध्ये उद्याच सक्रिय आसन बसवा, असे मी म्हणत नाही. चांगले हवेचे आसन आणि इंजिनाची नीट माउंट यांनीही पुष्कळ काम होते, आणि उगमाशी मारण्याचा धडा इथे आधी गिरवायला हवा. मागणी साधी आहे. एसटी महामंडळाच्या बसखरेदीच्या निविदेत चालकाच्या आसनावर, ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेगाला मोजलेले कंपन लिहिणे सक्तीचे करा. ट्रॅक्टरच्या जाहिरातीत अश्वशक्तीच्या शेजारी तोच आकडा छापा, आणि अनुदान देताना तो पाहा. १.१५ च्या वर जाणारे आसन विकत घेऊ नका. मर्यादेत कसे यायचे, स्प्रिंगने, रबराने की उलट्या धक्क्याने, हे इंजिनिअरवर सोडा; आकडा समोर असला की तो खालच्या पट्ट्यात आपोआप उलट्या धक्क्याकडे वळेल. आक्षेपकांनी आपला संताप वाया घालवू नये. तो उलट्या लाटेवरून उचलून निविदेच्या त्या कोऱ्या रकान्यावर आणावा. तिथे त्याची फार गरज आहे.